सरांचे नाक, सरांचे टक्कल आणि सिहोऱ्याचे इंग्रजी

श्री. सदाशिवराव हटवार सरांची आणि माझी ओळख त्यांच्या नाकापासून झाली. माणूस दिसण्याआधी मला त्यांचे नाक ऐकू आले. सिहोऱ्याच्या हायस्कुलात रुजू होण्यासाठी मी तुमसरच्या एस.टी.तून उतरले होते आणि साडीवरची धूळ झटकत व्हरांड्यातून मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाले होते. आठवीच्या वर्गातून एक मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "हटवार सर्स नोज इज लाँगर दॅन द डस्टर."

वर्ग हसला. त्याहून वाईट म्हणजे त्या हसण्यात एक मोठ्या माणसाचा आवाज होता. तो म्हणाला, "मोजून सांग."

मी खिडकीतून पाहिले. ती मुलगी फळ्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षकांच्या नाकाला डस्टर लावून पाहत होती. शिक्षक डोळे मिटून, मान वर करून, न्हाव्यापुढे बसल्यासारखे निवांत उभे होते.

"राँग," ते म्हणाले. "डस्टर इज लाँगर. पण फार नाही."

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकले. सिस्टरच्या नाकाकडे नुसते टक लावून पाहिले तरी आमच्या तळहातावर पट्टी बसत असे. बिग, बिगर, बिगेस्ट आम्ही तक्त्याकडे पाहत, हात मागे बांधून, प्रार्थनेच्या सुरात म्हणत असू. त्यामुळे शिस्त नावाची वस्तू या शाळेत पोचलेलीच नाही, असे माझे मत मुख्याध्यापकांची खोली येण्याआधीच झाले. मधल्या सुटीत मी सरांना सरळ विचारले, "मुले तुमची टिंगल करतात आणि तुम्ही हसता?"

डब्यातली भाजी माझ्यापुढे सरकवत सर म्हणाले, "मॅडम, नाकाचा मालक मी आहे. मालकाची हरकत नाही."

हे गृहस्थ विदूषक आहेत, अशी मी मनाशी नोंद केली. ती नोंद खोडायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्याची ही हकीगत आहे.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. मागच्या महिन्यापर्यंत मात्र तो सत्कारमूर्तीशिवायच निघणार, अशी चिन्हे होती. सत्कार समितीने पत्रिका छापल्या, मांडव सांगितला, लेख मागवले, आणि सरांनी निरोप धाडला की मी येणार नाही. समितीने मलाही लेख मागितला होता. "सरांच्या व्यक्तिमत्त्वाचे सर्वोत्तम पैलू उलगडून दाखवावेत" अशी सूचना त्यात होती. ती वाचून माझे डोके तापले. असे पैलू उलगडलेले लेख मी आयुष्यभर वाचत आले आहे. त्यांतले नाव खोडून दुसऱ्या कोणाचेही घातले तरी लेखकासकट कोणाला पत्ता लागत नाही. मी पैलू उलगडणार नाही. जे पाहिले तेवढे सांगेन.

सर इंग्रजी शिकवीत. मीही तेच शिकवीत असे. दोन वस्तूंत कोणती मोठी, तीनांत सर्वांत मोठी कोणती, हे इंग्रजीत सांगण्याचा धडा आठवीला असे. मी तो दोन दिवसांत उरकत असे. सर त्याला चांगले दोन आठवडे घेत. पुस्तकात राम हा श्यामपेक्षा उंच असायचा. सर मुलांना विचारत, "राम कोण? श्याम कोण? तुम्ही पाहिले काय दोघांना?" न पाहिलेल्या माणसाच्या उंचीबद्दल त्यांच्या वर्गात बोलता येत नसे. दोन्ही वस्तू डोळ्यांपुढे हव्यात, शक्य असेल तर हातात हव्यात, आणि मगच वाक्य. चिखल्याच्या खाणीकडून कोणीतरी आणून दिलेले मँगनीजचे काळे ढेकूळ त्यांच्या टेबलावर असे. शेजारी नदीतला तेवढाच गोटा. दिसायला सारखे. मुले दोन हातांत दोन दगड घेत, एक हात खाली जाई, आणि त्यांच्या तोंडून 'हेवियर' हा शब्द असा निघे की जणू तो त्यांनीच शोधला आहे. वर्ग कधी तलावाच्या पाळीवर, कधी बाजारच्या रस्त्यावर. हे सगळे मला वेळेचा अपव्यय वाटत असे, आणि मी तसे बोलूनही दाखवीत असे. बोलून न दाखवण्याची सवय मला नाही.

वर्गात आणखी एक नियम होता. ज्या वस्तूला मालक आहे तिची तुलना करायची नाही. तलाव चालेल, डोंगर चालेल, दगड चालेल. कोणाचे दप्तर, कोणाचा सदरा, कोणाचे घर चालणार नाही. सरांच्या मालकीचे जे काही असेल ते मात्र सगळे चालेल. म्हणून त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या मुले सरांच्या नाकावर, टकलावर, सायकलीवर आणि अक्षरावर इंग्रजी शिकली. सर्स सायकल इज ओल्डर दॅन माय ब्रदर. सर्स हँडरायटिंग इज वर्स दॅन माइन. हे शेवटचे वाक्य एका मुलाने फळ्यावर सरांच्याच अक्षराखाली लिहिले होते. सरांनी दोन्ही ओळी मागे सरकून नीट पाहिल्या आणि त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

मी रुजू झाले त्याच वर्षी शाळेची तपासणी होती. आलेले साहेब आठवीच्या वर्गात शिरले, मी मागच्या बाकावर बसले होते. साहेबांनी एका मुलाला उभे केले. सुपरलेटिव्हचे उदाहरण दे म्हणाले, पुस्तकातले नको, स्वतःचे दे. मुलगा ताठ उभा राहिला.

"हटवार सर इज द बाल्डेस्ट मॅन इन सिहोरा."

साहेबांना घाम फुटला. तो पुसायला त्यांनी टोपी काढली आणि तिथेच घोटाळा झाला. मुलगा खरे बोलण्याच्या सवयीचा. त्याने साहेबांच्या डोक्याकडे पाहिले, सरांच्या डोक्याकडे पाहिले, आणि दुरुस्ती करायला तोंड उघडले.

"बट टुडे..."

"थांब रे," सर घाईने म्हणाले. "साहेबांच्या डोक्याचे मालक साहेब आहेत. त्यांना विचारल्याशिवाय नाही."

शिक्षकांचा वर्गावर ताबा नाही, असा शेरा पडला. त्या संध्याकाळी व्हरांड्यात मी सरांना चांगले फैलावर घेतले. म्हटले, तुमचे नाक आणि टक्कल घरी ठेवून येत जा, जगात दुसरी उदाहरणे नाहीत काय? तेव्हा सरांनी मला तांदळाची गोष्ट सांगितली.

मी येण्याच्या दोन वर्षे आधीची ती गोष्ट. सर तेव्हा नवे होते, हुरूप दांडगा होता. भाताचे गाव, म्हणून त्यांनी आठवीच्या मुलांना घरून मूठभर तांदूळ आणायला सांगितले. टेबलावर वर्तमानपत्र पसरले, रुमालांच्या गाठी सुटल्या. मुलांनी बारीक, अधिक बारीक, सर्वांत बारीक अशी सुंदर वाक्ये केली. त्या वर्गात मंदा नावाची मुलगी होती. तिची आई राइस मिलमध्ये पाखडायला जात असे, घरी कनकी शिजे. कनकी म्हणजे तांदळाचा तुटका चुरा. मंदाने तीच आणली होती, कारण सरांनी घरचा तांदूळ आणायला सांगितला होता. मिलवाल्यांच्या मुलाने तिची मूठ उचलली आणि इंग्रजीत म्हणाला, "धिस राइस इज द चीपेस्ट."

"वाक्य बिनचूक होते, मॅडम," सर म्हणाले. "आणि मी सवयीने म्हणालो, करेक्ट. व्हेरी गुड."

मंदाने वर्तमानपत्रावरची आपली कनकी दाणा दाणा वेचून रुमालात बांधली आणि ती वर्गातून निघून गेली. सरांनी एवढेच सांगितले. पुढे काय झाले ते विचारायला मी धजले नाही, आणि मी न धजण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात मोजकेच आहेत. मंदा तेव्हा माझ्या दहावीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत होती. म्हणजे ती परत आली होती, एवढे मला दिसत होते.

त्या दिवसापासून सरांचे नाक मला वेगळे दिसू लागले.

सरांचे माझ्यावरचे उपकारही सांगितले पाहिजेत, कारण ते स्वतः सांगणार नाहीत आणि मला कोणाचे देणे ठेवायला आवडत नाही. माझे यजमान नागपूरला इस्पितळात होते तेव्हा मला वरचेवर रजा घ्यावी लागत होती. माझे तास सर घेत. मी परतले तेव्हा माझ्या वर्गात कोणी दगड उचलत नव्हते, कोणी नाक मोजत नव्हते. भिंतीवर माझा तक्ता होता, मुले हात मागे बांधून उभी होती आणि माझ्याच सुरात घोकत होती. सर दारात उभे राहून ताल धरत होते. मी थक्क होऊन विचारले, हे काय? "वर्ग तुमचा आहे, मॅडम. तुमच्याच पद्धतीने घ्यायला पाहिजे." त्यांना ती पद्धत पसंत नव्हती हे मला ठाऊक होते. एखाद्या शब्दाचा उच्चार अडला की ते भर वर्गात मला हाक मारून विचारत, आणि मुलांना सांगत, मॅडम्स इंग्लिश इज बेटर दॅन माइन. हे खरे होते, म्हणून मी नाही म्हणत नसे.

पुढे मुख्याध्यापकांची जागा रिकामी झाली. ज्येष्ठ सर होते. संस्थेच्या मंडळींनी तो जुना शेरा उकरून काढला आणि सरांहून पुष्कळ धाकट्या गृहस्थांना खुर्ची दिली. मी अध्यक्षांच्या घरी गेले आणि सिस्टर लोकांनी शिकवलेल्या उत्तम इंग्रजीत त्यांना जे सांगायचे ते सांगितले. त्यांना ते कळले नाही, म्हणून मग मराठीत सांगितले. ते कळले. उपयोग काही झाला नाही. सर मला म्हणाले, "खुर्ची त्यांची होती, मॅडम. मालकांनी हवी त्याला दिली." या वाक्याबद्दल मी सरांशी कितीतरी दिवस बोलत नव्हते. आजही मला ते पटलेले नाही. सर साधे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि शेवटच्या दिवशीही आठवीच्या मुलांकडून टक्कल तपासून घेत होते.

आता मागच्या महिन्याची गोष्ट. सत्कार समितीची अध्यक्ष मंदाच आहे. तुमसरला परिचारिका म्हणून नोकरी करून ती नुकतीच निवृत्त झाली. सरांचा नकार आला तेव्हा तिचा मला फोन आला. "मॅडम, तुम्ही चला. तुमच्यापुढे सर बोलू शकत नाहीत." हे काही अगदी खरे नाही, पण मी गेले.

सर ओसरीवर बसले होते. आम्हाला पाहून म्हणाले, "काहून आल्या दोघी मिळून? धमकी द्यायले?"

"तसेच समजा," मी म्हणाले.

सरांनी पत्रिका पुढे केली. "हे काय लिहून ठेवलं? जिल्ह्यातील सर्वश्रेष्ठ शिक्षक. जिल्ह्यातले सगळे मास्तर रांगेत उभे करून पाहिले काय तुम्ही? मॅडम इथं उभ्या आहेत, त्यायले विचारलं काय?"

"सर, ते छापखानेवाल्यानं टाकलं," मंदा म्हणाली. "त्याच्याकडे ते तयारच राहते. मागच्या महिन्यात एका ठेकेदाराच्या वाढदिवसाले लावलं होतं, मास्तराच्या जागी समाजसेवक."

"मंग काढून टाका."

"काढलं. नव्या पत्रिका छापून राहिलो. आता तरी येता की नाही?"

सरांनी पत्रिकेची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मी बोलणार होते, पण मंदाने माझा हात दाबला.

"शब्द काढला तरी मले येववत नाही, मंदा," सर अखेर म्हणाले. "हार तू घालशील. तुझ्या हातून हार घेताना मले तो वर्तमानपत्राचा कागद दिसन. मी करेक्ट म्हटलं होतं. ते काही परत घेता आलं नाही मले."

मंदा त्यांच्यासमोर खाली बसली, आठवीतल्यासारखी.

"सर, तुम्ही तेच घेऊन बसले काय इतकी वर्षं? मी विसरली नाही, पण ते घेऊन बसलीही नाही. त्या सांजले तुम्ही आमच्या घरी आले, ते काहून नाही सांगत? आईनं मले शेजारी पाठवलं होतं, चांगले तांदूळ उसने आणाले. तुम्ही म्हणाले, घरचंच शिजवा. दोनदा मागून घेतला भात. आई मरेपर्यंत सांगे, गुरुजीनं दोनदा मागून खाल्ला."

"भूक लागली होती," सर म्हणाले.

"आन् दुसऱ्या दिवशी तुम्ही टेबलावर आपल्या चपला ठेवल्या. सायकलीले ब्रेक नव्हता, डाव्या पायानं थांबवत होते तुम्ही. लेफ्ट इज थिनर दॅन द राइट. अख्खा वर्ग हसला. मीही हसली. तवा मले वाटलं, आता या वर्गात मले कोणी उचलून पाहणार नाही." मग ती म्हणाली, "नाक तुमचं, टक्कल तुमचं, चपला तुमच्या. पण तो दिवस माझा आहे, सर. त्याची मालकीण मी आहो. माझी काही हरकत नाही. मॅडमले लिहायचं असन तर लिहू द्या, आन् तुम्ही हार घालून घ्या."

मी इतकी वर्षे सरांशी वाद घातला आणि एकदाही जिंकले नाही. मंदाने तो त्यांच्याच नियमाने जिंकला. सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. हटवारकाकूंनी आतून चहा आणला तो सर निम्मा पिऊन झाल्यावर बोलले.

"येतो. पण भाषणं नकोत. ज्याले बोलायचं त्यानं एक वाक्य बोलायचं. इंग्रजीत, आन् खरं. माझं जे आहे ते सगळं मोकळं ठेवतो. नाक वयानं वाढलं असन आता. डस्टर आणा."

तेव्हा समारंभाला येणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांनी आपापले वाक्य तयार करून यावे. डस्टर शोधायला आम्हाला त्रास झाला, कारण शाळेत आता पांढरे फळे आहेत. अखेर एक जुना सापडला, तो मंदाच्या ताब्यात आहे. तो मिलवाल्यांचा मुलगा आज आजोबा आहे आणि भला माणूस आहे. जेवणाचा तांदूळ त्याच्याच मिलमधून येतो आहे. कोणता पाठवू, असे त्याने मंदाला विचारले. तुझ्या घरी रोज शिजतो तो पाठव, असे तिने त्याला सांगितले. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, ते त्याच्या मालकीचे आहे.

हल्ली मूल जन्मले की त्याचे वजन शेजारच्या मुलाच्या वजनाशी लावून पाहतात आणि पुढे मरेपर्यंत ते लावणे थांबत नाही. वर्तमानपत्र उघडले की गुणवंतांचे फोटो, क्रमाने. माझ्या नातवंडांच्या शाळेत तर भिंतीवरच लावतात. हे सगळे पाहून मला संताप येतो, आणि संताप आला की मला सरांची झिजलेली डावी चप्पल आठवते. मग मी शांत होते. पूर्ण नाही, पण पुष्कळ.

लेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना दीर्घायुष्य चिंतायचे असते. सरांच्या नियमाने तेही खरे आणि समोर दिसणारे हवे. इतकी वर्षे एकत्र काम करून मी सरांवर एकही वाक्य केले नाही, कॉन्व्हेंटची सवय आडवी आली. समारंभात मीही रांगेत उभी राहणार आहे. माझे वाक्य आजच सांगून ठेवते, मुलांसाठी मराठीत.

हटवार सर माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत.

माझ्या वयाची मालकीण मी आहे आणि माझी हरकत नाही. मी प्रकृतीने धडधाकट आहे, आमच्या घराण्यात बायका नव्वदीच्या पुढे जातात, आणि लवकर जाण्याचा माझा काही विचार नाही. मी असेपर्यंत हे वाक्य खरे राहिले पाहिजे. सरांनी तेवढे मनावर घ्यावे.